तीस हजार कोटी कांदे, चौसष्ट अक्षरे

नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरच्या बाजार आवारात उन्हाळ कांद्याच्या हंगामात लिलावाला उभी राहणारी ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण २५ क्विंटलची असते. कांदा मध्यम, १०० ग्रॅमचा धरला तर एका ट्रॉलीत २५ हजार कांदे बसतात. समजा, एखाद्या दिवशी मोसम खोऱ्यातून आणि आसपासच्या गावांमधून १ हजार वाहने आली. त्या एका दिवशी, त्या एका आवारात अडीच कोटी कांद्यांचा सौदा झाला. सटाण्याचे आवार वेगळे, करंजाडचा उपबाजार वेगळा, उमराणे, कळवण, लासलगाव, पिंपळगाव बसवंत हे सगळे आणखी वेगळे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातून दिल्लीला ‘कांदा एक्स्प्रेस’ गेली. त्या एका मालगाडीत १,६०० टन कांदा होता, म्हणजे १ कोटी ६० लाख नग. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या घरात होती. प्रत्येक मुंबईकराच्या हातावर एकेक कांदा ठेवूनही ती गाडी रिकामी झाली नसती. आणि देशाचे २०२२-२३ चे कांदा उत्पादन होते सुमारे ३०२ लाख टन! त्यातला एकतृतीयांशाहून अधिक वाटा एकट्या महाराष्ट्राचा. नगांत मोजायचे तर देशाचे एका वर्षाचे कांदे होतात ३० हजार कोटी. पाच-पाच सेंटीमीटर जागा देऊन ते एका रांगेत मांडले तर रांग दीड कोटी किलोमीटर लांब जाईल. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, तो कधीच मागे पडेल. सूर्यापर्यंतच्या अंतराचा दहावा भाग कांद्यांनीच भरून निघेल.

या आकड्याला आपल्याकडे नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त संख्यांची जी उतरंड दिली, तिच्यात कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व आणि मग निखर्व येतो. एकावर ११ शून्ये म्हणजे निखर्व. भारत वर्षाला तीन निखर्व कांदे पिकवतो. ती उतरंड परार्धावर, एकावर १७ शून्यांवर थांबते. नामपूरहून फार लांब नसलेल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची १२०७ सालची नोंद आहे. परार्धाची आपल्याला पुढे गरज पडणार आहे, म्हणून तो इथे सांगून ठेवतो.

हे तीन निखर्व कांदे शेतातून ताटापर्यंत जाताना किती वेळा लिहिले जातात, ते पाहण्यासारखे आहे. आवाराच्या फाटकावर वाहनाची नोंद होते. लिलावात भाव पुकारला जातो आणि सौदापट्टी फाटते. ट्रॉली काट्यावर चढते, काटापावती निघते. व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होतो, रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर येते. मग हिशोबपट्टी बनते, तिच्यात हमाली, तोलाई, वाराई वजा होतात. खळ्यावर कांदा निवडला जातो, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी निघते, गोण्या भरल्या जातात, ट्रक निघतो. परदेशी जाणारा असेल तर इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या न्हावाशेव्याच्या बंदरावर कंटेनर, सीमाशुल्क, रोगकीडमुक्तीचा दाखला, जहाजाची भरणपावती, आणि दुबईत, कोलंबोत किंवा क्वालालंपूरमध्ये हीच यादी उलट्या क्रमाने. प्रत्येक टप्प्यावर लिहिणारा वेगळा, वही वेगळी. मर्स्क या जहाज कंपनीने २०१४ साली केनियाहून युरोपला गेलेल्या शीत कंटेनरचा कागदांचा प्रवास तपासला होता. एका खेपेसाठी सुमारे ३० जणांचे आणि संस्थांचे हात लागले आणि त्यांच्यात २०० हून अधिक वेळा देवाणघेवाण झाली, असे आढळले. कंटेनर एक, निरोप दोनशे!

ब्लॉकचेन नावाचे तंत्र या दोनशे निरोपांसाठी आहे. रोजमेळाच्या वहीसारखे ते समजून घेता येते. प्रत्येक पान भरले की त्या पानावरच्या सगळ्या मजकुराचा एक ठसा काढायचा आणि तो पुढच्या पानाच्या माथ्यावर लिहायचा. पुढच्या पानाचा ठसा काढताना हा माथ्यावरचा ठसाही त्यात धरला जातो. कुणी महिन्यापूर्वीच्या पानावर २५ क्विंटलचे २४ केले, की त्या पानाचा ठसा बदलतो, तो पुढच्या पानाच्या माथ्याशी जुळत नाही, आणि तिथून आजपर्यंतची सगळी पाने खोटी ठरतात. शिवाय ही वही एकाच्या कपाटात नसते. शेतकरी, व्यापारी, बाजार समिती, वाहतूकदार, बँक, आयातदार यांच्यापैकी जे सामील असतील त्या प्रत्येकाकडे तिची तंतोतंत प्रत असते. सगळ्यांच्या प्रती एकाच रात्री गुपचूप बदलल्याशिवाय खाडाखोड टिकत नाही.

कल्पना बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोघांनी १९९१ साली ती मांडली. १९९५ पासून त्यांच्या कंपनीने साठलेल्या कागदपत्रांचा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. एकदा वर्तमानपत्राच्या लाखो प्रती घरोघर गेल्या की तो ठसा कोण मागे घेणार?

आता हा ठसा किती पक्का, ते पाहू. सर्वांत जास्त वापरात असलेल्या एसएचए-२५६ या पद्धतीत मजकूर कितीही लहान-मोठा असो, ठसा २५६ अंशांचाच निघतो. प्रत्येक अंश शून्य किंवा एक. नेहमी लिहितात तसा लिहिला तर तो ६४ अक्षरांत मावतो. मजकुरातला एक स्वल्पविराम हलवला तरी सरासरी १२८ अंश, म्हणजे निम्मा ठसा बदलतो. असे एकूण ठसे किती होऊ शकतात? दोनाचा २५६ वा घात. ही ७८ अंकी संख्या आहे. भास्कराचार्यांच्या मापाने सांगायचे तर परार्धाला परार्धाने गुणा, त्याला पुन्हा परार्धाने, पुन्हा परार्धाने, आणि जे येईल त्याला अब्जाने गुणा. तरी थोडे कमी पडते. दिसणाऱ्या सगळ्या विश्वात मिळून जितके अणू असावेत असा अंदाज आहे, त्याच्यापेक्षा ही संख्या फक्त हजारेक पटींनी लहान आहे.

एखाद्याने ठरवले की नामपूरच्या काटापावतीचा ठसा तसाच राहील अशी खोटी पावती बनवायची. एकच मार्ग आहे, फेरफार करून करून बघत राहणे. जगात या प्रकारचे ठसे काढणारी सर्वांत मोठी यंत्रणा बिटकॉइनची आहे. २०२५ साली तिचा वेग सेकंदाला एकावर २१ शून्ये, म्हणजे परार्धाच्या दहा हजार पट ठशांपर्यंत पोहोचला. त्या यंत्रणेतली झाडून सारी यंत्रे, त्यांना लागणारी एका मध्यम देशाइतकी वीज, हे सगळे या एका पावतीमागे लावले तरी सर्व शक्यता तपासायला लागणारी वर्षे विश्वाच्या वयाच्या परार्ध गुणिले परार्ध गुणिले सव्वीस हजार पट होतात. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे.

इथे जाणकार वाचक थांबवेल, आणि त्याने थांबवावेच. खोटी पावती ठरावीक खऱ्या पावतीशी जुळवायची नसेल, कुठल्याही दोन पावत्यांचा ठसा एकसारखा निघाला तरी चालणार असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. २३ माणसे जमली की त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, तोच हा हिशोब. त्यासाठी दोनाच्या १२८ व्या घाताइतकेच ठसे काढावे लागतात. बिटकॉइनच्या त्याच अवाढव्य यंत्रणेला हे काम करायला वेळ लागेल सुमारे १,०८० कोटी वर्षे. सोपे झालेले काम हे असे!

या आकड्यांनी माणूस भारावतो आणि ब्लॉकचेनची जाहिरात करणारे इथेच थांबतात. मला मात्र खरी विलक्षण गोष्ट उलट दिशेला दिसते.

आधी अडचण बघू. बिटकॉइनची साखळी सेकंदाला जेमतेम सात व्यवहार नोंदवते. देशाच्या एका वर्षाच्या प्रत्येक कांद्याची एकेक नोंद तिच्यावर करायची म्हटली, तर १,३५८ वर्षे लागतील. बदामीच्या चालुक्यांचा पहिला विक्रमादित्य गादीवर असताना नोंदी सुरू केल्या असत्या, तर त्या आज कुठे संपत आल्या असत्या, आणि तोवर बाकीच्या तेराशे सत्तावन्न वर्षांचे कांदे रांगेत उभे. अर्थात कांद्या-कांद्याची नोंद कुणाला नको आहे, नोंद ट्रॉलीची हवी. ३०२ लाख टनांच्या अडीच-अडीच टनांच्या ट्रॉल्या केल्या तर त्या सव्वा कोटीच्या आत भरतात. प्रत्येकीच्या मार्गावर आठ नोंदी धरल्या तरी वर्षाला दहा कोटींच्या आत. पुरवठा साखळ्यांसाठी वापरतात त्या बंदिस्त, सभासदांपुरत्या ब्लॉकचेनांना बिटकॉइनसारखी वीज जाळावी लागत नाही. हायपरलेजर फॅब्रिक या प्रणालीच्या रचनाकारांनी २०१८ साली सेकंदाला ३,५०० हून अधिक व्यवहार होत असल्याचे दाखवले. त्या वेगाने देशाच्या वर्षभराच्या सगळ्या कांद्याची, शेतापासून ग्राहकापर्यंतची, नोंद आठ तासांच्या आत होते. यूपीआयवर ऑगस्ट २०२५ मध्ये २ हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले, म्हणजे सेकंदाला साडेसात हजारांच्या आसपास. त्या हिशोबाने कांद्याचे अख्खे वर्ष एका दुपारचे काम आहे.

म्हणजे वेगाचा प्रश्न उरत नाही. उरतो तो विश्वासाचा. दहा कोटी नोंदींच्या ढिगात आपली नोंद जशीच्या तशी आहे, हे नामपूरच्या एका शेतकऱ्याने कसे तपासायचे? सगळा ढीग उतरवून घ्यायचा का?

इथे राल्फ मर्कल या संगणकशास्त्रज्ञाची १९७९ सालची युक्ती कामी येते. दोन-दोन नोंदींचे ठसे जोडून त्यांचा एक ठसा काढायचा. मग त्या ठशांच्या जोड्या लावायच्या, पुन्हा त्यांचे ठसे. असे चढत गेले की शेवटी सगळ्या ढिगाचा मिळून एकच ठसा उरतो, ६४ अक्षरांचा. आता माझी नोंद त्या ढिगात शाबूत आहे हे सिद्ध करायला मला सगळा ढीग लागत नाही. माझ्या नोंदीपासून शिखरापर्यंतच्या वाटेवर प्रत्येक पायरीला शेजारचा एक ठसा पुरतो. पायऱ्या किती? नोंदी दुप्पट झाल्या की पायरी एकाने वाढते, एवढेच. एक हजार ट्रॉल्यांना १० पायऱ्या लागतात. देशाच्या सव्वा कोटी ट्रॉल्यांना २४. आणि तीन निखर्व कांद्यांच्या एकेका कांद्याची नोंद केली असती तरी पायऱ्या ३९!

जरा थांबून बघा. चंद्राला ३९ वेळा गाठेल एवढी लांब रांग, आणि तिच्यातला हा एक कांदा माझा आहे, त्याच्या वजनात कुणी फेरफार केलेला नाही, याचा पुरावा फक्त ३९ ठशांचा. योगायोगाने दोन्हीकडे ३९ च. एक ठसा ३२ बाइटचा, म्हणजे सगळा पुरावा सव्वा किलोबाइट. देशातल्या सर्व ट्रॉल्यांमध्ये आपली ट्रॉली सिद्ध करायला ७६८ बाइट पुरतात. साध्या फोनवरच्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे सहा एसएमएस. दोनाचा २५६ वा घात हा आकडा खोटे करणाऱ्याच्या वाट्याला येतो, आणि खरे तपासणाऱ्याच्या वाट्याला येतात सहा एसएमएस. विश्वाएवढा आकडा लहान माणसाच्या बाजूने उभा राहिलेला मी दुसरा कुठला पाहिलेला नाही.

मग हे नाशिक जिल्ह्यात आधीच का झाले नाही? थोडे झाले आहे, पण दुसऱ्या टोकाकडून.

द्राक्षांचे घ्या. नामपूर ज्यात येते त्या बागलाणचा पश्चिम पट्टा अर्ली द्राक्षांसाठी ओळखला जातो. बाकी महाराष्ट्रात छाटण्या सुरू होण्याआधीच इथल्या बागा छाटल्या जातात, पावसाशी झुंजत माल लवकर बाजारात आणला जातो. देशातून २०२३-२४ साली सुमारे ३ लाख ४० हजार टन द्राक्षे निर्यात झाली, सुमारे ३,४६० कोटी रुपयांची. मणी पाच ग्रॅमचा धरला तर ६,८०० कोटी मणी परदेशी गेले. यांतला युरोपात जाणारा प्रत्येक घड कुठल्या बागेतून आला ते शोधता येते. ‘अपेडा’ या सरकारी निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ ही प्रणाली २००६-०७ पासून हेच काम करते. बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होते, तिला क्रमांक मिळतो, प्रयोगशाळा त्या क्रमांकाच्या बागेचा नमुना तपासते, पॅकहाउसमधले पॅलेट त्या क्रमांकाला बांधलेले असते. परदेशातल्या पॅलेटवरून मागे मागे येत थेट बागेच्या बांधावर पोहोचता येते. डाळिंबासाठी पुढे ‘अनारनेट’ आले.

या व्यवस्थेची गरज कुठल्या मापाची होती ते २०१० साली दिसले. त्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. वीस किलो द्राक्षांत, म्हणजे पाच किलोच्या चार खोक्यांत, सुमारे चार हजार मण्यांत मिळून एक मिलिग्रॅम. मिठाचे काही कण म्हणा. तेवढ्यावर कंटेनर अडकले, निर्यात ठप्प झाली आणि नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांनी प्रचंड नुकसान सोसले. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या तपासणी यादीत त्यानंतर ते रसायन आले. दहा कोटींत पाच भाग शोधायचे, आणि सापडले तर हजारो बागांतली नेमकी बाग कुठली ते सांगायचे, हे काम या जिल्ह्याने निभावून दाखवले आहे.

‘ग्रेपनेट’ ब्लॉकचेन नाही. ती एका सरकारी संस्थेने सांभाळलेली मध्यवर्ती नोंदवही आहे आणि ती चालते, कारण सगळ्यांना ती संस्था मान्य आहे. हे मी मुद्दाम सांगतो. एका विश्वासू लेखनिकावर सर्वांचा भरवसा असेल तर साखळीचा खटाटोप करायची गरज नसते. वॉलमार्टच्या प्रयोगाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. २०१६ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या दुकानातले कापलेल्या आंब्याचे एक पाकीट घेतले आणि ते कुठल्या शेतातून आले ते शोधायला सांगितले. कागदांवरून शोधायला ६ दिवस, १८ तास, २६ मिनिटे लागली. आयबीएमच्या साथीने बांधलेल्या ब्लॉकचेनवर तेच उत्तर २.२ सेकंदांत मिळाले. वेग २ लाख ६५ हजार पटींनी वाढला. आकडा खरा आहे. पण त्यातला बराचसा वेग कागद संगणकात गेल्याचा आहे, साखळीचा नव्हे. नाशिकच्या द्राक्षाचा माग काढायला त्याच्याही दहा वर्षे आधीपासून आठवडा लागत नव्हता.

साखळी खरी लागते ती एकमेकांवर भरवसा नसलेल्यांना एका वहीवर आणायला. आणि तिथेच मोठमोठ्यांचे पाय घसरले. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ साली जहाजमालाच्या कागदपत्रांसाठी ‘ट्रेडलेन्स’ हे ब्लॉकचेन व्यासपीठ सुरू केले. जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर वाहतूकदारांपैकी कित्येक त्यात आले, बंदरे आली, सीमाशुल्क खाती आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचे जाहीर झाले. साऱ्या उद्योगाचे जे सहकार्य लागत होते ते मिळाले नाही, असे कारण त्यांनीच दिले. ठसे पक्के होते, वेग पुरेसा होता. वही एका स्पर्धकाच्या घरात होती, आणि बाकीच्यांना त्या घरात आपला हिशोब ठेवायचा नव्हता.

महाराष्ट्रात हे तंत्र अगदीच नवे नाही. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ साली ६५ हजार जातप्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदवली गेली, खोटी प्रमाणपत्रे ओळखता यावीत म्हणून. शेतमालाच्या जास्त जवळचे उदाहरण राज्य वखार महामंडळाचे. गोदामात माल ठेवल्यावर मिळणारी वखार पावती ब्लॉकचेनवर नोंदवायची आणि तिच्यावर राज्य सहकारी बँकेकडून तारण कर्ज मिळवायचे, अशी सोय त्यांनी उभी केली. ही जागा मला अगदी योग्य वाटते. तीच पावती दोन बँकांत गहाण टाकली गेली की नुकसान बँकेचे होते आणि पुढच्या प्रामाणिक शेतकऱ्याला कर्ज नाकारले जाते. एका पावतीचा एकच धनी, हे सगळ्या बँकांना एकाच क्षणी दिसले पाहिजे. त्यासाठी साखळीसारखे दुसरे साधन नाही.

पण सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात थांबतात. कांदा थांबत नाही. एप्रिलमध्ये कांदाचाळीत १०० क्विंटल भरलेला उन्हाळ कांदा चार-सहा महिन्यांनी बाहेर काढला की वजन घटून, काही सडून, काहीला कोंब फुटून तो ६०-७० क्विंटल भरतो. एप्रिलची नोंद १००, सप्टेंबरची ६५. साखळी या दोन्ही नोंदी परार्धाच्या परार्ध पटींनी पक्क्या करून ठेवील, पण मधले ३५ क्विंटल वाळले, सडले की कुणी नेले, हे तिला कळणार नाही. दिल्लीत किंवा पुण्यात बसून ज्यांना कांद्याची साखळी बांधायची आहे, त्यांनी एक पावसाळा चाळीत काढल्याशिवाय पहिली ओळ लिहू नये.

म्हणून साखळीचे पहिले पान कुठे असावे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आज अशा बहुतेक प्रकल्पांत ते पॅकहाउसमध्ये उघडते, कारण पलीकडच्या ग्राहकाला डब्यावरचा चौकोन फोनने टिपून शेताचे चित्र बघायचे असते. त्या ग्राहकाचे समाधान व्हावे, त्याला विरोध नाही. पण नामपूरच्या आसपासच्या कसमादे भागातल्या शेतकऱ्याच्या मालाचे जे काही बरेवाईट व्हायचे ते पॅकहाउसच्या कितीतरी आधी, भाव पुकारला जाताना आणि काट्यावर होऊन गेलेले असते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. ५१२ रुपयांतून वाहतूक, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले आणि हाती आला २ रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. ५१२ किलो म्हणजे पाच हजारांहून अधिक कांदे, दर पंचवीस कांद्यांमागे एक पैसा. ही पट्टी ब्लॉकचेनवर असती तर विश्वाच्या अंतापर्यंत कुणी ती बदलू शकले नसते, आणि ती दोन रुपयांचीच राहिली असती. साखळीने भाव वाढत नाही. निर्यातबंदी, निर्यातशुल्क, आवक, पाऊस हे भाव ठरवतात. हे शेतकऱ्याला आधी सांगितले पाहिजे, नाहीतर आणखी एका आशेवर त्याची फसगत होईल.

साखळीने जे होऊ शकते ते काट्याचे. ट्रॉल्या तोलणारा भुईकाटा पाच किंवा दहा किलोच्या टप्प्यांनी आकडा दाखवतो. पाच किलो म्हणजे पन्नास कांदे, शेतकरी त्यावर भांडत नाही. पण हा टप्पा प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकला, तर देशाच्या सव्वा कोटी ट्रॉल्यांवर तो ६० हजार टन होतो, ६० कोटी कांदे. तोलात एक टक्क्याची घट किंवा क्विंटलमागे एक किलो कडता धरला, तर ३ लाख टन. वैधमापन विभाग काट्याची वर्षातून एकदा पडताळणी करतो. उरलेल्या दिवसांची साक्ष फक्त पावत्यांमध्ये असते, आणि पावत्या विखुरलेल्या, हाताने लिहिलेल्या किंवा एकाच संगणकात बंद. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉलीचे आकडे माणसाच्या हाताचा स्पर्श न होता काट्यातूनच थेट नोंदीत गेले आणि त्याच क्षणी शेतकऱ्याच्या फोनवर उतरले, तर महिनाभराच्या नोंदी एकत्र ठेवून झुकता काटा ओळखणे हे साधे अंकगणित आहे.

नामपूरच्या समितीने मोठ्या प्रकल्पाची, परदेशी भागीदाराची, कोट्यवधींच्या निविदेची वाट बघू नये असे माझे स्पष्ट मत आहे. संध्याकाळी लिलाव संपला की त्या दिवसाच्या सगळ्या सौदापट्ट्या आणि काटापावत्या जोडीने रचून एकच ठसा काढावा. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या पावतीसोबत दहा पायऱ्यांचा पुरावा एसएमएसने पाठवावा, ३२० बाइट, तीन एसएमएस. आणि तो ६४ अक्षरांचा ठसा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, जिथे नामपूरचा किमान, कमाल आणि सरासरी भाव छापून येतो, त्याच ओळीखाली छापावा. वर्तमानपत्र सटाण्यात, मालेगावात, ताहाराबादेत घरोघर गेले की ती नोंद समितीलाही बदलता येणार नाही, व्यापाऱ्यालाही नाही, सरकारलाही नाही. एक हजार ट्रॉल्यांसाठी जेमतेम दोन हजार ठसे काढावे लागतात, आणि गावातल्या शाळेतला जुना संगणकसुद्धा एका सेकंदात लाखभर ठसे काढतो.